राणीचा पाळणा आणि येसूकाकी

कोणतं नाटक बघायचं हे आमच्या आळीतले पुरुष नटाच्या गळ्यावरून ठरवत. पोरांनी कोणतं बघायचं हे मात्र येसूकाकी ठरवी, आणि तिला त्यातलं या सगळ्या बाप्यांपेक्षा जास्त कळत होतं हे मी आजही कुणाशीही भांडून सांगेन.

तिचा नवरा आगबोटीवर खलाशी. वर्षातून महिनाभर रत्नागिरीत, बाकी पाण्यावर. लग्नाला पंधरा वर्षं झाली तरी मूल नव्हतं. चार इयत्ता शिकलेली होती, वाचायची हौस होती, आणि पडवी मोठी होती. आळीतली आम्ही सतरा पोरं दुपारभर तिथेच पडलेली असायचो. आमच्या आयांना पोरं सांभाळायला येसूकाकी चालायची, बारशाला पाळण्याची दोरी धरायला मात्र चालायची नाही. मूल नसलेल्या बाईचा हात पाळण्याला लागू नये म्हणे! ती बारशाला येई ती मागच्या दाराने. आत बायका पाळणे म्हणत आणि ही मागीलदारी घुगऱ्यांचं पातेलं ढवळत ऐकत बसे. त्या बायकांत माझी आईही होती, आणि मला अजून त्याची लाज वाटते.

थंडीत नाटक कंपनी बोटीने यायची, मैदानावर मांडव घालायची. प्रत्येक नाटकाच्या पदांचं छोटं पुस्तक विकायला असे. काकी ती सगळी आणून वाचायची आणि आपल्या अटींवर नाटक निवडायची. पडदा उघडल्याबरोबर पद हवं. हसवणारं पात्र पहिल्याच अंकात यायला हवं. आई मरता कामा नये. दारुड्याचं नाटक नको, कारण ते, काकी म्हणे, "निम्म्या पोरांना घरात फुकट बघायला मिळतां." आणि खेळ रविवारी दुपारचाच, म्हणजे दिवेलागणीला सगळी घरी.

एकोणीसशे सव्वीस साली मात्र ती फसली. पुस्तकात पदं असतात, आणि त्या नाटकातला राक्षस गात नव्हता! त्यामुळे तो पुस्तकात कुठेच नव्हता. तो पेटता पलिता नाचवत आला तशी आमची सतरा तोंडं एकदम उघडली. दोघंजण रडत रंगमंचावर चढली, राक्षस बिचारा दचकून आत पळाला आणि पडदा पाडावा लागला.

पुढच्या साली तीच कंपनी आली ती पाटी घेऊनच: 'दहा वर्षांखालील मुलांस मज्जाव'. काकी डोक्यावरून पदर घेऊन थेट मॅनेजरसमोर जाऊन उभी राहिली. बोट धरून मी सोबत होते.

"बाई, गेल्या वर्षी तुमच्या पोरांनी आमचा राक्षस पळवून लावला," मॅनेजर म्हणाला.

"यंदा नाय पळवायची. मी जबाबदार." मग तिने विचारलं, "न गाणारी माणसां किती हायत, तेवढां सांगा."

मॅनेजरला हसू आलं. "'मयूरकंकण' नाटकात दोनच. एक द्वारपाल आणि एक घोडा."

"मग मयूरकंकणच."

"या. पण एक आवाज आला की सगळी वरात बाहेर."

परत आलो तर आई काकीच्या पडवीत वाट बघत होती. "येसू, ह्या खेपेस काय झालां तर पोरां परत तुझ्याकडे यायची नायत. सगळ्यांचां ठरलांय," ती म्हणाली. काकी "बरां" म्हणाली. मग घागर उचलून विहिरीवर गेली आणि तशीच रिकामी घेऊन परत आली. आमच्यावाचून त्या बाईला दुसरं होतं काय?

तिने पंधरा दिवस आम्हाला तयार केलं. ओळखीचं पद आलं की पोर गप्प बसतं, असा तिचा हिशेब. म्हणून सगळी पदं पाठ करून घेतली. पुस्तकात प्रत्येक पदावर 'चाल' म्हणून दुसऱ्याच कुठल्या गाण्याचं नाव छापलेलं, आणि त्यातलं एकही गाणं तिने ऐकलेलं नव्हतं. तिने आपल्याच चाली बसवल्या. राजाच्या पदाला आरतीची, विदूषकाच्या पदाला शिमग्यात दारोदार नाचणाऱ्या खेळ्यांची. वनवासातल्या राणीचा पाळणा होता, 'नीज माझ्या मोरा, रानही निजले'. त्याला तिने मागीलदारी ऐकलेली बारशाची चाल लावली. तो म्हणताना ती आमच्याकडे बघत नसे.

रविवारी आम्ही जाजमावर ओळीने बसलो. आया मागे बायकांत होत्या. पहिला अंक छान गेला. चाली ओळखीच्या वाटेनात म्हणून आम्ही एकमेकांकडे बघितलं, पण गप्प राहिलो. घोड्यालाही कुणी हाक मारली नाही. दुसऱ्या अंकात राणी कापडाचं बाळ मांडीवर घेऊन बसली. राणीचं काम करणारा नट नामांकित. त्याने पाळण्याची पहिली ओळ घेतली आणि 'मोरा'वर अशी तान सोडली की मांडव हलला. ती संपेना. दुसरी तान आणखी वर गेली.

तेवढ्यात जनी उभी राहिली. पाच वर्षांची होती.

"अशान् बाळ उठेल ना!" ती खणखणीत ओरडली.

पेटी थांबली. मॅनेजर दारातून पुढे येऊ लागला. काकीने जनीच्या तोंडावर हात ठेवला, पण आता काय उपयोग! मी तिचा चेहरा बघितला. इतकी घाबरलेली काकी मी कधी बघितली नव्हती. "चला, उठा सगळी," ती हळूच म्हणाली आणि दुसऱ्या हाताने आमचे हात गोळा करू लागली.

"थांबा," राणी म्हणाली. बाळ खांद्यावर टाकून ती पुढे आली. "मग कसा म्हणू गो बाय?"

जनीने तोंडावरचा हात बाजूला केला. "येसूकाकी म्हणते तसा."

सगळा मांडव वळून काकीकडे बघायला लागला. ती "मी नाय, मी नाय" करत होती. आम्ही तिला दोन्हीकडून ओढून उभी केली. ती डोळे मिटून म्हणायला लागली, आधी इतकं हळू की पहिल्या रांगेलाच ऐकू जावं. दुसऱ्या ओळीला पेटीवाल्याने तिचा सूर धरला. तिसरीला आम्ही सतरा जणांनी साथ दिली. पाळणा संपला. मग मागून बंदरावरचा एक खलाशी गरजला, "वन्स मोअर!" आणि सगळा मांडव उठला. वन्स मोअर, वन्स मोअर! तीन वेळा म्हणून घेतला. तिसऱ्या खेपेला राणीच तिच्या चालीवर मागून म्हणत होती. शेवटी राणी बाळाकडे वाकली आणि पुरुषाच्या भरड्या आवाजात म्हणाली, "झोपला!" मी इतकी हसले आणि इतकी रडले की नाक पुसायला परकर पुरेना.

दुसऱ्या रविवारी पाटी गेलेली होती. त्यापुढे कंपनी आली की मॅनेजर आधी काकीच्या पडवीत यायचा आणि रविवारी कोणतं लावू म्हणून विचारायचा.

शिमग्यानंतर माझ्या धाकट्या भावाचं बारसं होतं. सकाळी आई काकीच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

"येसू, पाळणा तुलाच म्हणायचा हाय," आई म्हणाली.

"आणि दोरी?"

"दोरी पण तूच धरायची."

काकी आत जाऊन नवं लुगडं नेसून आली. त्या दिवशी ती आमच्या घरात पुढच्या दाराने आली, आणि भाऊ दुसऱ्या कडव्यालाच झोपला.