बोट मऊ लागली म्हणून मुळशीला

आक्काचा फोन आला तेव्हा मी लसूण सोलत बसलो होतो. ऊन, गुडघे, कैऱ्या असं सगळं बोलून झालं आणि फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "औंदा बोट पायाखाली जरा मऊ लागतीया बघ."

माझ्या हातातली पाकळी खाली पडली. भाकरी मऊ असावी, गादी मऊ असावी. पाण्यावरून माणसं नेणारी वस्तू मऊ?

नवीन वाचकांसाठी सांगतो. मी सातवीपर्यंत शिकलेला आणि जन्माचा घाबरट माणूस आहे. गॅस बंद केला का हे बघायला अर्ध्या जिन्यातून परत वर येतो. सूसला मुलाच्या घरी सहाव्या मजल्यावर राहतो. नातीनं हा ब्लॉग काढून दिलाय, त्यावर मी जिथं जातो तिथलं लिहितो. या वेळी मी फिरायला गेलो नव्हतो. बहिणीला अडवायला गेलो होतो.

आक्का माझी थोरली बहीण. आमच्या मुठा गावातून तिला मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला एका वाडीत दिली. धरण झालं तेव्हा जुनं गाव पाण्याखाली गेलं आणि माणसं वर येऊन राहिली. पण गावच्या वाघजाईचं जुनं ठाणं पलीकडे एका टेकाडावर कोरडं राहिलं. दर चैत्रात जत्रेच्या दिवशी देवीचा पितळी मुखवटा दाजींच्या बोटीतून त्या ठाण्यावर नेतात आणि दिवस मावळायच्या आत परत आणतात. बाकीचं वर्षभर त्याच फायबरच्या बोटीतून वैरण, जाळी आणि माणसं ये-जा करतात. जत्रेला आक्का नैवेद्याची पाटी घेऊन देवीच्या शेजारी बसते. तिला पोहता येत नाही. मलाही नाही. जत्रा आठवड्यावर आली होती.

सकाळी लवकर निघालो. सूसवरून नांदे, लवळे करत पिरंगुटपर्यंत शेअर रिक्षा मिळते, पण ती भरेपर्यंत हलत नाही, तेवढा वेळ हाताशी ठेवा. पौडला स्टँडसमोर मिसळ खाल्ली. तिखट होती, पण पुढं ताम्हिणीच्या वाटेवरच्या ढाब्यांपेक्षा स्वस्त, म्हणून इथंच खाऊन घ्या. पुढं जीपमध्ये माझ्या शेजारी दोन गावकरी बोलत होते.

"तुमचा डोंगर इकला म्हनं?"

"सगळा न्हाई. निम्माच."

"कंचा निम्मा?"

"सावलीचा ठिवलाय. उन्हाचा दिला."

हे ऐकून मी इतका हबकलो की माझा थांबा मागं गेला. भर उन्हात छत्री उघडून तेवढं अंतर परत चाललो. चैत्रात या रस्त्यानं जाणार असाल तर छत्री घ्या. माझ्या छत्रीनं पुढं काय केलं ते सांगतोच.

दाजी, म्हणजे आक्काचे यजमान, दारातच होते. मी पाणी प्यायच्या आधी बोट बघायला निघालो. पाणी उन्हाळ्यानं खाली गेलेलं, काठाला भेगाळलेला गाळ, त्यावर बोट ओढून ठेवलेली. बाहेरून निळा रंग, आत हिरव्या गवतासारखी चटई. चांगली दिसत होती. मला वाटलं, आक्काच्याच पायांना काहीतरी झालं असेल.

तरी मी सवयीप्रमाणं पाय टाकायच्या आधी छत्रीनं टोचून बघितलं. एकदा, दोनदा. मधोमध चटईला चार बोल्ट होते, त्यांच्याजवळ टोचलं आणि छत्री आत गेली. नुसतं टोक नाही, वीतभर आत. हाताला काही लागलंच नाही. मला वाटलं, बोटीच्या आरपार गेली.

"आक्के!" मी ओरडलो. एवढंच तोंडातून निघालं.

छत्री ओढून काढली तर टोकाला काळपट काहीतरी चिकटलेलं. दाजी ते हातात घेऊन बघत राहिले. "माती हाय," ते म्हणाले. मग वास घेतला आणि ते गाळात फेकून दिलं.

संध्याकाळी भाचा किरण कामावरून आला. तो पिरंगुटला फायबरच्या कारखान्यात आहे, टाक्या आणि गाड्यांचे भाग बनवतो. त्यानं चटई टराटरा उपटली. बोटीचं बूड वेगळं आणि आपण जिच्यावर पाय ठेवतो ती जमीन वेगळी, हे मला तेव्हा कळलं. बूड फायबरचं असतं. जमीन प्लायवूडची, तिच्यावर फायबरचा पातळ पापुद्रा. पापुद्रा वरून चकचकीत राहतो आणि आतलं लाकूड कुजत जातं. आमचा बोल्टांपाशी तडकला होता, तिथूनच छत्री आत गेली.

दुसऱ्या दिवशी त्यानं सुट्टी टाकली. कडेला चार बोटं जागा सोडून ग्राइंडरनं पापुद्रा कापला आणि डब्याच्या झाकणासारखा उचलला. खाली लाकूड नव्हतंच. चहा गाळून टाकल्यावर चोथा असतो, तसा काळा चोथा होता. किरण तो ओंजळीनं काढत होता. त्याच्या खाली पिवळा फोम होता. तो पिळला तर नळासारखं पाणी आलं.

"मामा," किरण म्हणाला, "आपन इतकी वर्सं बोटीतनं पानीच हिकडनं तिकडं नेत हुतो बघा."

त्याला हसू येत होतं. मला नाही. गेल्या जत्रेला याच चोथ्यावर देवी बसली होती, तिच्याभोवती डझनभर बायका, त्यात माझी बहीण.

"पन हे झालं कशानं?" मी विचारलं.

किरणनं त्या चार बोल्टांकडं बोट दाखवलं आणि दाजींकडं न बघता म्हणाला, "ह्यांनी."

ते बोल्ट दाजींनी मारले होते. एका वर्षी वाऱ्यानं देवीचा चौरंग बोटीत सरकला, तेव्हापासून तो जमिनीला पक्का असावा म्हणून त्यांनी स्वतः भोकं पाडून बोल्ट आवळले. गावानं त्यांचं कौतुक केलं. तेव्हापासून निघताना देवीला स्नान घालायचं ते बोटीतच, चौरंगावर. ते पाणी दर वर्षी बोल्टाच्या कडेनं खाली जात होतं. त्यावर ती चटई, पाहुण्यांना छान दिसावी म्हणून अंथरलेली आणि बारा महिने ओली.

"चार भोकांनी बोट कुजती व्हय?" दाजी उसळले. "भोकात बोल्ट हायेत की! बूच मारल्यावानी."

"बूच हाय, पर कडंनी झिरपतंय. बोल्टाच्या बाजूचं लाकूड बघा आन टोकाचं बघा."

टोकाचं लाकूड जरा तरी लाकडासारखं होतं. दाजी उठून घरी गेले आणि जेवायला बसले नाहीत. आक्का मला हळूच म्हणाली, "त्यांना लागलंय रं. वाघजाई आईसाठी केलं हुतं त्यांनी."

मला वाटलं, आता जत्रेची बोट रद्द होणार. सुटलो. मी तसं बोलूनही दाखवलं. आक्कानं माझ्याकडं अशी नजर टाकली की मी ताट घेऊन आत गेलो.

पुढचे दिवस मी फक्त घाबरत होतो आणि सांगितलेलं काम करत होतो. कुणाची अशी बोट असेल तर उपयोगी पडेल म्हणून लिहितो. सगळं कुजकं काढून बूड उन्हात पुरतं वाळू द्या, घाई करू नका. खालच्या आधाराच्या फळ्या नव्या बसवा. नव्या जमिनीचा आकार आधी कशावर तरी बेतून घ्या. आम्ही गावातल्या एका भावी सरपंचाच्या वाढदिवसाचा जुना फ्लेक्स कापला. त्यांचं तोंड बरोबर बोटीच्या नाकाशी आलं. प्लाय पाण्यात टिकणाराच घ्या, जरा महाग पडला तरी. त्याला खालून, वरून आणि कडांना रेझिन, म्हणजे फायबर चिकटवायचा दाट रस, पाजा. मग फायबरच्या तंतूंची चादर, तिला मॅट म्हणतात, वर रेझिन, परत मॅट, आणि रोलरनं हवा काढायची. ग्राइंडर चालतो तेव्हा तोंडाला चांगला मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट पाहिजे. माझ्या बाह्या वर होत्या. रात्रभर हात खाजत होते. गरम पाण्यानं अंघोळ केली आणि आणखी खाजले.

एकदा किरणनं मगमध्ये रेझिन कालवलं. उन्हात ते घट्ट करणारा हार्डनर जरा जास्त पडला आणि मगातून धूर यायला लागला. मी "आग! आग!" करत काठाच्या गाळात पळालो आणि चप्पल तिथंच रुतली. किरणनं तो मग दूर फेकला. "मामा, तुमी जत्रंला म्होरं उभं ऱ्हावा. तुमी बोंबलला की ढोल नगं," तो म्हणाला. त्याचा हात पोळलाय असं दिसलं, तेव्हा आक्कानं त्याला माझ्यापेक्षा जास्त झापलं.

जमीन बसली. सुकली. मी छत्रीनं सगळीकडं वाजवून बघितली. टणटण बोलत होती. बोट पाण्यात ढकलायला आधी अर्धी वाडी लागायची. आता चौघांत गेली.

आणि जत्रेच्या सकाळी दाजी ड्रिल मशीन घेऊन बोटीत उतरले.

मी काठावर चहा पीत होतो. माझा कप हातातच राहिला. किरण धावत जाऊन नव्या जमिनीवर, बरोबर मधोमध, मांडी घालून बसला.

"बाजूला हो."

"न्हाई. परत भोकं पाडलीसा तर ही बी कुजंल."

"आन आईचा चौरंग? हवेत ठिवू? वारं बघ कसलं सुटलंय!"

"कुटंबी ठिवा. हितं भोक पडनार न्हाई."

काठावर गाव गोळा झालं. गुरव मुखवटा ताटात घेऊन उभे. कुणी म्हणालं बोल्ट पाहिजेत, कुणी म्हणालं पोरगं बरोबर बोलतंय, कुणी म्हणालं रिसॉर्टवाल्यांची बोट मागवा. त्यावर म्हातारे चिडले. देवी परक्याच्या बोटीत बसत नाही. मी मनात म्हणत होतो, भांडा, चांगले भांडा, दिवस मावळेपर्यंत भांडा.

तेवढ्यात आक्का पाटी डोक्यावरून खाली ठेवून म्हणाली, "मी लग्न हून आले तवा कुटं हुते बोल्ट? आईला मांडीवर घिऊन बसायचे."

"कोन बसायचं?" गुरवांनी विचारलं.

"सासूबाई सांगायच्या, पलीकडं आईचं माहेर हाय. बाईला माहेरी न्यायला भाऊ येतो. म्हनून गावात दिलेल्या कुनातरी लेकीचा भाऊ बसायचा. गावचा गडी न्हाई, बाहेरचा भाऊ."

आणि मग एकेक मान वळायला लागली. मी मागं बघितलं. मागं कुणी नव्हतं.

"आक्के, नगं," मी म्हणालो. "मला पवता येत न्हाई. माझं हात थरथरत्यात. माझ्या हातातनं पडली तर?"

"बाळू," ती म्हणाली, "मला तर तू बोटीत बसूच देत नव्हतास. मग ये की संगं."

किरणनं मला नारिंगी लाइफ जाकीट चढवलं. त्या फुगीर जाकिटापुढं मांडी उरलीच नाही, मुखवटा घसरायला लागला. तेव्हा आक्कानं जाकिटाचे पट्टे सोडले, देवीला माझ्या छातीशी धरलं आणि पट्टे तिच्यावरून घट्ट बांधले.

"बुडलो तर?" मी विचारलं.

"जाकीट हाय की. दोघंबी तरंगाल."

गुरव हसले. काठावरचे सगळे हसले. दाजी हसले नाहीत. त्यांनी ड्रिल मशीन पिशवीत घातलं, पिशवीला गाठ मारली आणि ती काठावर ठेवून इंजिनापाशी जाऊन बसले. देवीचं स्नान या वेळी त्यांनी काठावरच घालायला लावलं होतं, ते माझ्या नंतर लक्षात आलं.

पाण्यावरचं काय सांगू? सह्याद्री दिसतो, पाण्यात ढग दिसतात असं लोक सांगतात. मी काहीच बघितलं नाही. मी दोन्ही हातांनी देवी धरली होती आणि खाली जमिनीकडं बघत होतो. मधोमध वाऱ्यानं बोट कलली, बायकांनी "उदं" म्हटलं आणि मी देवी आणखी आवळून धरली. पितळ उन्हानं तापलं होतं, शर्टातून लागत होतं. मी टाच आपटून बघितली. टणक. परत आपटली. टणक. पलीकडे पोचेपर्यंत मी टाच आपटतच होतो.

"काय रं, नाचतुयास व्हय?" आक्का म्हणाली.

टेकाडावर पट्टे सोडून देवी ठाण्यावर बसवली. आक्कानं तिची ओटी भरली आणि मग माझीही भरल्यासारखे पदरातून मूठभर तांदूळ माझ्या खिशात घातले. दाजी माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. मग म्हणाले, "भोकं म्या पाडली, आन तुमी छत्री घातलीत. न्हाईतर औंदा..." पुढचं मी त्यांना बोलू दिलं नाही. मला ऐकवत नव्हतं.

येतानाही मीच धरली.

सूसला परत येऊन आता बरेच दिवस झाले. छातीवर तापल्या पितळेचा लाल डाग पडला होता तो गेला. चपलेवर रेझिनचा एक थेंब दगडासारखा बसलाय, तो निघत नाही. लोक विचारतात, मुळशीत बघण्यासारखं काय आहे. मला सांगता येत नाही, कारण मी खालीच बघत होतो. पण जा. छत्री घेऊन जा आणि कुणी चटई अंथरून दिली तर आधी टोचून बघा.

भीती गेली नाही. अजून आक्काला फोन केला की मी पहिलं तेच विचारतो, बोट मऊ लागत नाही ना. काल ती वैतागली. म्हणाली, "हे घे, तूच ऐक," आणि तिनं फोन बोटीतच खाली ठेवला. मग बराच वेळ मला फक्त टणटण ऐकू येत होतं. काठीनं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश. मधोमध पोचल्यावर ठोके थांबले आणि दाजींचा आवाज आला, "हितं दोनदा मारतो, पाव्हनं. नीट ऐका."