फुलवाल्या अक्कांनी विचारलं

गाणगापुरात मी लॉजच्या खोल्या झाडते. समोर फुलं विकणाऱ्या अक्कांचं नाव मला अजून माहीत नाही. त्यांनी कुणाला काही विचारलं की समोरचा बोलेपर्यंत त्या हार ओवायचं थांबवतात, गिऱ्हाईक उभं असलं तरी.

माझी नऊ वर्षांची पोर नळावर हात धूत बसते, कातडी फाटेपर्यंत. बाधा आहे, देवळात उभी कर, असं सगळे म्हणाले. मी तिला ओढत निघाले, तर अक्का आडव्या आल्या. "कामून ओढायलीस गं? लेकराला इचारलीस का कधी?"

त्या पोरीजवळ नळापाशी बसल्या. "न्हाई धुतलं तर काय होतंय, लेकरा?" एवढं विचारून हातातला हार मांडीवर ठेवला.

बऱ्याच वेळानं पोर म्हणाली, "आई मरतीय."

अक्का हसल्या नाहीत. "लई भ्या वाटत आसंल की," म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या, "डॉक्टरला हेच सांगू. आता तू बस."

मी बसले. या धुण्यापायी जिला रोज मारत होते, ती मला जगवायला हात धूत होती. मी तिचा गार हात धरला. तिनं तो सोडवून घेतला नाही, पण नळही बंद केला नाही.