घोडीसाठी बेचा पाढा

त्या घोडीवर बसले की मी श्वास घ्यायला विसरायचे. हे माझ्या लक्षात आलंच नव्हतं. लक्षात आलं ते आम्हाला शिकवणाऱ्या सौदी बाईंच्या. रिंगणाच्या मधोमध उभ्या राहून त्या ओरडल्या, "बुडताय का तुम्ही? नाक धरून पाण्यात उडी मारल्यासारखा चेहरा झालाय!" मला भयंकर राग आला. माझ्या निम्म्या वयाच्या मुलींसमोर असं बोलतात का कुणाला? पण रागाच्या भरात मी एक मोठा श्वास सोडला आणि घोडी एकदम हळू झाली. बाईंनी नुसत्या भुवया वर केल्या.

तबेला रियाधबाहेर होता. अल सुलैची गोदामं आणि ट्रकांची धूळ मागे पडली की लागायचा. माझे यजमान तिथल्याच एका गोदामात मॅनेजर. मुलगा कॉलेजला पुण्याला गेला आणि घर खायला उठलं. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. मी म्हटलं, चालायचं ते घोड्यावरून चालेन. यजमान आठवडाभर हसत होते. "अगो, खाडीच्या पलीकडे जायचं तर होडीत डोळे मिटून बसायचीस तू. नि आता घोडा?" त्या हसण्यामुळेच मी नाव घातलं, नाहीतर विचार कधीच बारगळला असता.

बाई अमेरिकेत शिकून आलेल्या. त्या शिकवत ते वेस्टर्न ड्रेसाज. पुढे मूठ असलेलं जड खोगीर, अंगात जीन्स, पायात उंच बूट. हा सगळा थाट बघून वाटायचं, आता काहीतरी धाडसाचं करायचं असणार. प्रत्यक्षात करायचं काय, तर घोड्याला संथ, एका तालात, वळणावर अंग न टाकता चालवायचं. रिंगणाच्या कडेला इंग्रजी अक्षरं लावलेली. या अक्षरापाशी थांबा, त्या अक्षरापाशी दुडकी धरा, इथे मोठा गोल काढा. परीक्षेत अशा एकेका हालचालीला गुण मिळतात. नवशिक्यांना फक्त चाल आणि दुडकी. ऐकायला सोपं वाटतं. मला तर आधी हसूच आलं होतं.

माझ्या वाट्याला आलेली घोडी शर्यतीतून काढलेली होती. दुडकी म्हणजे पळण्याची सुरुवात, एवढंच तिला आयुष्यात शिकवलेलं. दुडकी सुरू झाली की माझं पोट आवळायचं, मांड्या घट्ट व्हायच्या. तिला वाटायचं, मी म्हणतेय पळ. ती पळाली की मी लगाम खेचायचे, मी खेचला की ती मान वर करून जास्त जोर लावायची. अशा आम्ही दोघी एकमेकींना घाबरवत रिंगणभर फिरायचो. तबेल्यातलं दुसरं कुणी तिच्यावर बसायला तयार नव्हतं.

बाईंनी उपाय सांगितला. मोठ्याने बोलायचं. ज्याला ठेका आहे आणि ज्याचा विचार करावा लागत नाही, असं काहीही. बोलणाऱ्या माणसाला श्वास रोखता येत नाही. मला काही सुचेना. आणि दुडकी सुरू झाली तसं तोंडातून आपोआप बाहेर पडलं, "बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा..."

गावच्या मराठी शाळेत संध्याकाळी ओळीत बसून म्हटलेले पाढे ते. मुलाला शिकवायचा मी खूप प्रयत्न केला होता, गाडीत, जेवताना. तो म्हणायचा, "मॉम, टू टूज आर फोर, सेम तर आहे." सेम नाहीये, पण त्याला काय सांगणार? घरात माझे पाढे ऐकणारं कुणी उरलं नव्हतं. घोडीने मात्र कान मागे वळवून ऐकले.

मग आमचं बस्तान बसत गेलं. दुडकीला बेचा, चालीला पाचाचा. पाढा म्हणताना कंबर सैल सुटायची, टाच घोडीच्या पोटापासून दूर राहायची, हात आपोआप शांत. थांबायच्या जागी मी बरोबर 'दाहे वीस'वर पोचेन असा बेत करायचे. पुढे पुढे तर मी 'दाहे वीस' म्हटलं की घोडी असेल तिथेच उभी राहायची. मला केवढं कौतुक! यजमानांना फोन करून सांगितलं, घोडीचा बेचा पाढा पाठ झाला. बाई आधी हसल्या आणि मग गंभीर झाल्या. म्हणाल्या, "ही सवय चांगली नाही. घोडी तुमच्या श्वासावर चालली पाहिजे, कवितेवर नाही." कविता! मी कानाआड केलं.

त्याच हिवाळ्यात यजमानांची नोकरी आटोपली. गोदाम दुसऱ्याने घेतलं, नव्या माणसाला नवे लोक हवे होते. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपायच्या आत आम्हाला कायमचं निघायचं होतं. सामान, तिकिटं, बत्हाच्या बाजारात जाऊन शेवटची खरेदी, या सगळ्या गडबडीत एक दिवस तबेल्याच्या मालकांनी मला थांबवलं. म्हातारे गृहस्थ, फार बोलायचे नाहीत. म्हणाले, "तुमच्यानंतर हिच्यावर कोण बसणार?"

मी घोडीच्या आयाळीतली गवताची काडी काढत राहिले.

"एकाच बाईला चालणारी घोडी मी काय करू? शिकवायला नाही, शर्यतीला नाही." पुढच्या महिन्यात तबेल्यात नवशिक्यांची परीक्षा होती. त्या दिवशी दुसऱ्या कुणा नवशिक्याने तिच्यावर बसून पूर्ण परीक्षा दिली तर घोडी राहील. नाहीतर त्याच दिवशी हाइलच्या व्यापाऱ्याचा ट्रक येणार होता, आणखी दोन घोडे न्यायला. तिचीही त्यात जागा होती. तिथून असे घोडे पुढे कुठे जातात, हे तबेल्यात कुणी विचारत नसे. मी घरी येऊन भांडी इतकी आपटली की यजमान बाहेर गॅलरीत जाऊन बसले.

बाईंनी एक मुलगी निवडली. सौदीच, कॉलेजात शिकणारी, हात लोण्यासारखे मऊ आणि स्वभाव सशाचा. मला 'खाला', म्हणजे मावशी, म्हणायची. पहिल्या दिवशी ती घोडीवर बसली, दुडकी सुरू झाली आणि घोडी अशी उधळली, की पोरगी दोन्ही हातांनी खोगिराची मूठ धरून रडायलाच लागली. बाई म्हणाल्या, "श्वास रोखतेय ती." मी म्हटलं, "छे, छे. घोडी पाढ्याची वाट बघतेय."

मग मी तिला पाढा शिकवला. रोज सकाळी कुंपणाच्या कडेने मी पुढे, ती मागे, दोघी पावलं आपटत, "बे एके बे!" तिचा 'च' काही केल्या 'श' व्हायचा. "बे शोक आठ, बे पंशे दहा." आमची ती प्रभातफेरी बघायला घोड्यांची निगा राखणारे साईस लोक चहा घेऊन उभे राहायचे. मी मास्तरांसारखी खेकसायचे, तीही बिचारी पुन्हा पहिल्यापासून म्हणायची. आणि काय सांगू, पाढा म्हणत ती घोडीवर बसली तर घोडी खरंच चालली. डगमगत, मान थोडी वर, पण चालली. मी बाईंकडे बघितलं. बघा म्हटलं, आहे की नाही?

परीक्षेच्या सकाळी ट्रक आधीच फाटकाशी लागलेला होता. मागची फळी खाली सोडलेली. मालक सावलीत खुर्ची टाकून कहवा पीत होते. परीक्षक बाई टेबलाशी बसल्या. हालचाली वाचून दाखवायचं काम माझ्याकडे होतं. परीक्षा देणाऱ्याला क्रम पाठ नसला तर बाहेरून एकाने वाचलेला चालतो. पण वाचणाऱ्याने कागदावर आहे तेवढंच वाचायचं. स्वाराने घोड्याशी बोललेलं आमच्याकडे चालायचं. बाहेरचा माणूस एक शब्द जास्त बोलला की मात्र परीक्षा बाद. आमच्या बाईंनी मला हे बजावून सांगितलं, पुन्हा सांगितलं आणि मग माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की मला त्यांचाही राग आला.

मुलगी आत आली. मधोमध थांबली, मान लववून सलाम केला. घोडी उभी राहिली. मी वाचलं, "सीपाशी दुडकी." मुलीचे ओठ हलायला लागले आणि मला आवाज आला नाही तरी प्रत्येक अक्षर कळत होतं. पहिला गोल बरा गेला. मी कागदावरची पुढची ओळ बोटाने धरली.

तेवढ्यात फाटकाशी पहिला घोडा ट्रकमध्ये चढवायला घेतला. त्याने फळीवर लाथ झाडली. धाडकन आवाज झाला.

घोडीने मान झटकन वर केली. दुडकी लांबली, मग आणखी लांबली. मुलीचे ओठ मिटलेले. मी बघत होते, छाती हलत नव्हती, खांदे कानाशी आले होते. अगदी मीच बसलेय असं वाटत होतं. मी वाचलं, "बीपाशी मोठा गोल, दुडकी." आवाज माझाच, पण कुठून तरी लांबून आल्यासारखा. जिभेच्या टोकावर 'बे एके बे' येऊन बसलं होतं. मी ते म्हटलं असतं तर घोडी तत्क्षणी शांत झाली असती, याची मला खात्री होती. आणि परीक्षा बाद झाली असती. मी खालचा ओठ दातांत धरला. मालकांनी कप खाली ठेवला. ट्रकचा ड्रायव्हर फळीवर हात ठेवून आमच्याकडे बघत होता. घोडी पुढच्या पावलात भरधाव सुटणार होती, मला ते तिच्या पाठीवरून दिसत होतं.

मुलीने तोंड उघडलं. "वाहिद!" किंचाळलीच जवळजवळ. "इथनैन! तलाता! अरबआ!"

घोडीचा एक कान मागे आला.

"खम्सा, सित्ता, सबआ..." आवाज खाली उतरला, खांदे उतरले, लगामावरची पकड सैल झाली. दहापर्यंत अरबी आकडे मोजून ती पुन्हा वाहिदवर, एकावर, आली. घोडीची मान हळूहळू खाली, पावलं आखूड, ठेक्यात. वळणावर अंग टाकलं नाही. मी वाचत होते आणि डोळ्यांतल्या पाण्याने अक्षरं दिसत नव्हती, पण एव्हाना कागद मला पाठ होता. शेवटच्या भागात लगाम लांब सोडायचा असतो. घोडीने मान इतकी खाली सोडली, की नाक वाळूला लागलं. तशी ती माझ्याबरोबर कधीच चालली नव्हती.

गुण मध्यमच पडले. मालकांनी खुर्चीतूनच ड्रायव्हरला हात केला, "यल्ला, नीघ तू." दोन घोडे घेऊन ट्रक गेला. मी कुंपणाखालून वाकून आत धावले, मुलीला घट्ट धरलं. ती रडत म्हणत होती, "खाला, माझ्यावर रागावू नका, तुमचं ते पाचनंतरचं सगळं विसरले मी." मी म्हटलं, वेडी आहेस का. बाई मागून येऊन म्हणाल्या, "श्वास. मी पहिल्या दिवसापासून सांगतेय." बरोबरच होतं त्यांचं, आणि मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

गाडीत यजमान म्हणाले, "झालं ना मनासारखं? मग तोंड असं का?" घोडी वाचली याचा आनंद मला होताच, खोटं कशाला बोलू. पण इतकी वर्षं या देशात काढून एक जीव असा मिळाला होता, ज्याचं माझ्या भाषेवाचून अडतं. तसं मी धरून चालले होते. त्याचं अडत नव्हतं, आणि हे दुखत होतं. लहान मुलासारखं दुखत होतं.

निघायच्या आदल्या दिवशी मी तबेल्यात गेले. घोडी गवत खात होती. तिने वर बघितलं नाही. मी आयाळीवर हात ठेवला. मग पाढा म्हणायला लागले, हळू, तिच्या कानाशी. ती खात राहिली. बे सक बारा, बे साते चौदा. कान हलला नाही. बाहेर यजमान हॉर्न वाजवत होते, सामानाच्या वजनाची चिंता त्यांना. बे नव्वे अठरा. बे दाहे वीस. मी थांबले आणि हात काढून घेतला.

तिचं चघळणं थांबलं. तोंडातलं गवत तसंच धरून तिने मान वर केली आणि माझ्याकडे बघत राहिली. हॉर्न पुन्हा वाजला.

"तीन एके तीन," मी म्हटलं.