रुमालाखालचा सौदा

आमची थोरली काकू भित्री म्हणून प्रसिद्ध होती. पाल दिसली की घर डोक्यावर घ्यायची. त्यामुळे तिने एका दरोडेखोराला छताला टांगलं, असं सांगितलं की ऐकणारा आधी हसतो. हसू दे. काका हीच गोष्ट सांगायचे तेव्हा तिच्यात एक तलवार असायची आणि ती त्यांच्याच हातात असायची. त्यांचं ऐकू नका. मी काकूकडून ऐकलेलं सांगतो.

काकांची लोकरी कापडाची पेढी होती. खाली दुकान, मागे कोठार, वर घर. भाव तोंडाने बोलायचा नाही, हा त्या धंद्याचा रिवाज. दोघांचे उजवे हात रुमालाखाली जायचे आणि पुढचं बोटं बोलायची. एक बोट धरलं की एक, सगळा पंजा धरला की पाच. आणि आपल्याच माणसाने तळहात खाजवला तर समजायचं, माल खोटा आहे, हात काढून घे. लग्न होऊन आल्यावर काकू ही भाषा बघता बघता शिकली आणि सौदे काकांपेक्षा तीच बरे करू लागली. गठ्ठे बांधण्यातही तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिचा सरकफास एका झटक्यात आवळायचा.

पण बोटांचा खरा उपयोग घरात झाला. सासूबाई भारी तिखट कानाच्या. नवराबायको जरा कुजबुजली की पलीकडून विचारणा व्हायची, "काय म्हणालात?" मग संध्याकाळी दोघं गुडघ्यांवर एकच घोंगडी घेऊन बसायची आणि खाली बोटांच्या गप्पा चालायच्या. एकदा सासूबाई आपल्या माहेरच्या थोरवीचं पुराण सांगत असताना काकांनी हळूच काकूचा तळहात खाजवला. माल खोटा. काकूला हसू आवरेना. ती गच्चीवर पळाली, मागोमाग काकाही गेले. तेव्हापासून घरात त्या खुणेचा अर्थ एकच राहिला, गच्चीवर चल.

एकदा काका मालाच्या फेरीवरून परतले ते एका नव्या भागीदाराला घेऊनच. भरदुपारचा उकाडा, तरी त्याच्या अंगावर जाड शाल होती आणि तो काकांना अगदी चिकटून बसला होता.

"कोठारातला सगळा माल गाड्यांवर चढवा," काका म्हणाले. "मी यांच्याबरोबर लगेच निघतोय."

"आत्ता तर आलात," काकू म्हणाली. "भाव तरी ठरलाय का?"

"तूच ठरव," म्हणत काकांनी रुमालाखाली हात घातला आणि तिचा तळहात खाजवला.

काकू लाजून लाल झाली. इतक्या दिवसांनी आलेला नवरा, हे खरं, पण हमालांच्या देखत हे काय भलतंच? तिने त्यांच्या बोटाला चिमटा काढला. काकांनी पुन्हा खाजवलं, या वेळी नख रुतेपर्यंत. तिने वर पाहिलं तर नवऱ्याच्या तोंडचं पाणी पळालेलं आणि हात गारठलेला. मग तिला शालीच्या आडून काकांच्या बरगडीला टेकलेलं सुऱ्याचं टोक दिसलं. हा माणूस गाड्या आणि नवरा घेऊन एकदा वेशीबाहेर पडला की नवरा काही परत दिसणार नव्हता. आणि ओरडावं तर सुरा आत जाणार.

"माझी तर जीभच टाळ्याला चिकटली होती," काकू सांगायची. "पण बोटं शुद्धीवर होती."

ती पाहुण्याला म्हणाली, "भावजी, भागीदार आहात तर बोट तुम्हीही द्यायला हवं. त्याशिवाय आमचे हमाल गठ्ठ्याला हात लावत नाहीत."

ही शुद्ध थाप होती. पण हमालांनी माना डोलावल्या, कारण मालकिणीशी वाद घालायची त्यांची टाप नव्हती. पाहुण्याने डावा हात पुढे केला.

"उजवा," काकू म्हणाली. "डाव्या हाताने सौदा करणारा व्यापारी मी अजून पाहिला नाही."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. आता बिंग फुटणार, हे त्यालाही कळलं. त्याने शालीतच सुरा कमरेला खोचला आणि उजवा हात रुमालाखाली दिला.

काकूच्या बैठकीला लागून एक खुंटी होती. माळ्याच्या कप्पीवरून आलेला दोर तिला गुंडाळलेला होता आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला, वर, घोंगड्यांचा भला थोरला गठ्ठा लटकत होता. काकूने एका हाताने त्याची बोटं दाबत भाव सांगितला आणि दुसऱ्या हाताने दोराच्या मोकळ्या टोकाचा फास त्याच्या मनगटात सरकवला. त्याला वाटलं, हाही रिवाजच असेल.

"मग, पटतोय का भाव?" असं विचारत तिने खुंटीचा वेढा सोडला. गठ्ठा खाली आला आणि भागीदार वर गेला. सुरा तेवढा गादीवर राहिला.

शिपाई त्याला घेऊन गेले तेव्हा काकू ढसाढसा रडत होती. गलका ऐकून सासूबाई खाली आल्या होत्या, दुकान माणसांनी भरलं होतं. काकांनी पडलेला रुमाल उचलला, काकूच्या हातावर टाकला आणि आपला हात आत घातला. काकू रडता रडता हसली.

"जा आता वर," सासूबाई म्हणाल्या. "इथलं मी बघते."

दोघांनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

"अगं, मीही व्यापाऱ्याचीच बायको," सासूबाई म्हणाल्या. "ती गच्ची तुमच्या आधी आमची होती."