पेडल फिरवायला माणूस

वानखेडेवहिनी फोन केल्याशिवाय कधी खाली यायच्या नाहीत. त्या मंगळवारी सकाळी मात्र त्या एकदम माझ्या दारात उभ्या होत्या, पायात चप्पलही नव्हती. एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, वर चला... हे उठत नाहीयेत." कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीत ते तिसऱ्या मजल्यावर, मी पहिल्या. ते दोन जिने मी कसे चढलो, आठवत नाही. वानखेडे कुशीवर झोपले होते. झोपेतच गेले, असं डॉक्टर म्हणाले. या गोष्टीला आता दीड महिना झाला. लोक म्हणतात, सुखाचं मरण आलं. त्यांना आलं असेल. माझी मात्र फार गैरसोय झाली आहे.

वानखेडे मूळचे अकोल्याकडचे. पाटबंधारे खात्यातल्या नोकरीसाठी पुण्यात आले आणि इथला खवचटपणा आम्हा जन्मजात पुणेकरांपेक्षा चांगला शिकले. निवृत्त झाल्यावर त्यांनी वाकड्या हँडलची, बोटभर जाडीच्या चाकांची शर्यतीची सायकल घेतली आणि रोज पहाटे खडकवासल्यापर्यंत जाऊन यायला लागले. माझा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला, चुका काढल्याशिवाय मला राहवत नाही. मी म्हटलं, "या वयात ही कशाला?" ते म्हणाले, "मग काय पुढच्या जन्मी घेऊ? आम्ही बौद्ध लोक पुनर्जन्म मानत नाही. जे काय ते याच खेपेला."

सहा वर्षांपूर्वी माझी पत्नी नलिनी गेली. लोक आले, धीर देऊन गेले, डबे पाठवू लागले. वानखेडे आले, खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि एक शब्द न बोलता गेले. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू? पुढे हळूहळू सगळ्यांचं येणं थांबलं. मी दार उघडेनासा झालो, दोन-दोन दिवसांचे पेपर उंबऱ्यात पडून राहायचे. अशाच एका शनिवारी दुपारी चारला फोन वाजला. "काय करताय?" "काही नाही." "मग वर या. सायकलचे गिअर लावायचेत, पेडल फिरवायला माणूस नाही." मला चटकन सबब सुचली नाही, म्हणून गेलो.

त्यांच्या गॅलरीत झोपाळ्याच्या कड्या होत्या, झोपाळा नव्हता. त्या कड्यांना सुती दोर बांधून त्यांनी सायकल सीटच्या आधाराने टांगली होती, मागचं चाक अधांतरी. मला स्टुलावर बसवलं आणि पेडल हातात दिलं. मागच्या चाकाला लहानमोठ्या दातेरी चकत्या असतात. गिअर बदलला की चेनने एकीवरून दुसरीवर सरकायचं असतं. चेन सरकवणारी केबल थोडी जरी सैल पडली तरी चेन दोन चकत्यांच्या मध्ये अडखळत कटकट करते. मग केबलच्या टोकाचा स्क्रू बोटाने पाव फेरा फिरवायचा आणि ऐकायचं, पुन्हा पाव फेरा, पुन्हा ऐकायचं. "काय म्हणतेय?" ते विचारायचे. "कुरकुरतेय." "तुमच्यासारखी?" असं करत तास-दोन तास जायचे. चेन गप्प झाली की वहिनी चहा आणायच्या. पुढच्या शनिवारी पुन्हा फोन यायचा. चांगली नवी सायकल दर आठवड्याला कशी बिघडते, हा प्रश्न मला कधी पडला नाही. छापखान्यात एक अनुस्वार निसटू न देणारा मी!

नलिनीबद्दल आम्ही बोलायचो नाही. एकदाच, मी पेडल फिरवत असताना ते म्हणाले, "नलिनीवहिनींसारखं लिंबाचं लोणचं काही पुन्हा खायला मिळालं नाही..." माझा हात थांबला, चाक आपसूक फिरत राहिलं. त्यांनी वर पाहिलं नाही. जरा वेळाने म्हणाले, "हं, फिरवा." मी फिरवू लागलो. डोळे पुसायला दुसरा हात मोकळा होता.

वानखेड्यांच्या स्मरणार्थ झालेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात, भन्तेजींनी वंदना घेतल्यावर, मलाही चार शब्द बोलायला सांगितलं. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की माझ्यावाचून त्यांची सायकल एक आठवडा चालली नसती. लोक हसले. वहिनी हसल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात त्या नागपूरला मुलाकडे कायमच्या जायला निघाल्या, तेव्हा सायकल मला देताना म्हणाल्या, "भाऊजी, सांगू का नको असं चाललं होतं माझं... ते एकटेच लावायचे हो गिअर. उजव्या हाताने पेडल, डाव्या हाताने स्क्रू. शुक्रवारी संध्याकाळी मुद्दाम फिरवून बिघडवून ठेवायचे. मी म्हणायचे, चांगली चालतेय ती सायकल. तर म्हणायचे, उद्या ते यायचेत, त्यांना काम नको का?"

त्या गेल्यावर आधी मला संताप आला. सहा वर्षं मला बनवलं या माणसाने! जाब विचारायला पाय जिन्याकडे वळलेसुद्धा, आणि मग लक्षात आलं की वरच्या दाराला आता कुलूप आहे. जगात निदान एका माणसाचं माझ्यावाचून अडतं, या एका समजुतीवर मी उठत होतो, दाढी करत होतो, बाजारात जात होतो. आता तीही समजूत गेली आणि तो माणूसही गेला. मला फार एकटं वाटतं. या वयात असं लिहू नये म्हणतात, पण लिहितो.

माझ्याकडे झोपाळ्याच्या कड्या नाहीत. काल, शुक्रवारी संध्याकाळी, मी सायकल खिडकीच्या ग्रिलला टांगली. जिन्यावरून खाली आणताना तिला कुठेतरी धक्का बसला असावा, कटकट करत होती. उजवा हात पेडलवर, डावा स्क्रूवर. पाव फेरा, ऐकलं. पुन्हा पाव फेरा. दहा मिनिटांत चेन गप्प झाली. एकट्याला जमायला नको होतं, असं फार वाटलं. घरात दुसरा आवाज नव्हता. मग स्क्रू दीड फेरा उलटा फिरवून ठेवला. आज शनिवार, कुणी बोलावणार नाही. निदान चार वाजता काम तरी असावं.