बिरुतेच्या वडिलांना दिलेलं पाणी

आमच्या मार्तंडकाकांनी जन्मात कोणाचं वाकडं केलं नाही, असं झाशीतली झाडून सगळी मराठी मंडळी सांगतात. सांगू देत बापडी. मला जे ठाऊक आहे ते मी सांगते, आणि त्यात माझाही हात आहे.

काका रेल्वेच्या टपालखात्यात, आरएमएसमध्ये, सॉर्टर होते. स्टेशनातल्या एका खोलीत खणाखणांच्या कपाटापुढे उभं राहून त्यांनी एकतीस वर्षं पत्रं वाटली. घराणं भटजींचं, म्हणून सुट्टीच्या दिवशी पूजा आणि श्राद्धं. त्यांची श्रद्धा दोनच गोष्टींवर होती. मंत्र म्हणायचा तो खणखणीत, आणि बंद पाकीट कोणी फोडत नसतं. मी नऊ वर्षांची असताना तिकिटाच्या मोहापायी शेजाऱ्यांचं एक पाकीट कोपऱ्यात उचकटलं होतं. काकांनी त्या शेजाऱ्यांनाच बोलावून आणलं आणि त्यांच्यासमोर माझ्या दोन्ही तळव्यांवर पट्टीने मारलं. शेजारी म्हणत होते, "छोड़िये पंडितजी, बच्ची है." पण पट्टी थांबेना. चार दिवस मला पेन्सिल धरता आली नाही. "दुसऱ्याचं पाकीट फोडतो तो माणूस नव्हे," असं ते तेव्हा म्हणाले. हे वाक्य पुढे लागणार आहे.

अडुसष्ट साली एका रशियन मासिकाच्या हिंदी आवृत्तीत पत्रमैत्रीसाठी नावं छापून आली. त्यात एक नाव होतं बिरुते. गाव विल्नियस, तेव्हाच्या सोव्हिएत रशियातल्या लिथुआनियातलं. आवड संस्कृत. काकांनी लगेच संस्कृतातून पत्र टाकलं, आणि दीड महिन्याने संस्कृतातूनच उत्तर आलं! विभक्त्या चुकलेल्या होत्या, पण काकांना काय आनंद. तिने लिहिलं होतं की आमच्या भाषेत मुलाला सूनुस म्हणतात, मधाला मेदुस, अग्नीला उग्निस. काका बडा बाज़ारात भेटेल त्याला थांबवून हे ऐकवायचे. पोस्टमन दारातून ओरडायचा, "पंडितजी, रूस से चिट्ठी!" काका आतून दुरुस्ती करायचे, "रूस नहीं भैया, लिथुआनिया!"

बिरुते तिथल्या विद्यापीठात शिकवायची. तिचे संस्कृतचे गुरुजी म्हातारे होते, त्यांच्याबद्दल ती फार मायेने लिही. राय नावाच्या धान्याची काळी भाकरी, बिटाचं गुलाबी सार, दुकानापुढच्या रांगा, सगळं लिहायची. काकूला मूलबाळ नव्हतं. ती म्हणायची, "यांना लेक झाली, ती पण टपालाने."

बहात्तरच्या उन्हाळ्यात तिचं एक वेगळंच पत्र आलं. पाकिटावर आपलं भारतीय तिकीट, शिक्का दिल्लीचा. तिकडच्या एका इंजिनिअरबरोबर तिने ते हातोहात पाठवलं होतं आणि त्याने दिल्लीत पेटीत टाकलं होतं. आत लिहिलं होतं की माझे वडील योनास लढाईत वारले असं मी सगळ्या फॉर्मांवर लिहीत आले आहे, ते खोटं आहे. ते गावात मास्तर होते. एकोणपन्नास साली सोव्हिएत शिपायांनी त्यांना गुरांच्या डब्यात घालून सैबेरियात नेलं. मी मावशीकडे लपले म्हणून वाचले. ते तिकडेच मेले, कबर कुठे आहे माहीत नाही. नोव्हेंबरात आमच्याकडे सगळे आपापल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतात. माझ्याकडे मेणबत्ती आहे, कबर नाही. हे कळलं तर माझी नोकरी जाईल. कोणाला सांगू नका.

मी तेव्हा बी.ए.ला होते. मी विचारलं, "काका, हे दिल्लीहून का टाकलं असेल?"

"पैसे वाचवले गं पोरीने," काका म्हणाले.

एवढा शहाणा माणूस! दिवसाला हजारो पाकिटं हाताखालून घालवणारा!

काकांनी शब्द पाळला, कोणाला सांगितलं नाही. पण पितृपक्ष आला. आपल्यात ज्याला कोणी नाही त्यालाही पाणी देता येतं. स्नेही, नोकर, अनोळखी, कोणीही असो, त्याला धर्मपिंड म्हणतात. गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणायचं. सर्वपित्रीला काका लक्ष्मीतालाबावर उतरले आणि आपल्या बापाच्या पाठोपाठ "काश्यपगोत्रं योनासं" असं म्हणून त्यांनी तीळपाणी सोडलं. आवाज पलीकडच्या पायऱ्यांपर्यंत गेला असेल. तिथे कोणाला काय कळणार होतं म्हणा. वर येऊन ओल्या पंच्याने डोळे पुसले आणि म्हणाले, "आता हे तिला कळवलं पाहिजे. पोरीचा जीव थंड होईल."

मी म्हटलं, "कोणाला सांगू नका म्हणालीये ना?"

"तिचं तिलाच सांगायचं, त्यात चोरी कसली? पाकीट बंद असतं."

"आणि कोणी फोडलं तर?"

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. मी तळवे मिटून घेतले. पत्र संस्कृतात गेलं, नेहमीच्या विमानटपालाने.

उत्तर आलं नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली. काकांना वाटलं, आपलं संस्कृत तिला जड गेलं असावं. मग ते माझ्याकडे आले. "शारदे, तू इंग्रजीत लिही. सोप्या भाषेत. म्हणावं, सैबेरियात वारलेल्या तुझ्या वडिलांना आम्ही पाणी दिलंय, ते पत्र पोचलं का?" मी लिहिलं. माझं इंग्रजी अक्षर कॉलेजात नावाजलेलं होतं. एकही चूक नव्हती त्यात.

त्यानंतर विल्नियसहून ओळ आली नाही. वर्षभर काका रोज दुपारी दारात उभे राहायचे. पुढे चिडले. "परदेशी माणसं ती. गरज सरो, वैद्य मरो." एक दिवस तिची सगळी पत्रं त्यांनी बंबात घातली. काकू मधे पडली तर तिच्यावर ओरडले. काकू मरेपर्यंत त्या घरात बिरुतेचं नाव निघालं नाही.

त्या तर्पणाला एकवीस वर्षं झाली. तो देश मोकळा झाल्याचं मी वर्तमानपत्रात वाचलं होतं, काकांना सांगितलं नव्हतं. त्र्याण्णवच्या भाद्रपदात काकांच्या पत्त्यावर पाकीट आलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून त्यांनी मला माझ्या घरून, गावाबाहेरच्या नगऱ्याहून, बोलावून घेतलं. पाकीट तसंच ठेवलं होतं, हातात देताना म्हणाले, "तू फोड. मी परवानगी देतोय."

पत्र इंग्रजीत होतं, बिरुतेच्या मुलीचं, रासाचं. मी आधी मनात वाचलं. मला वगळता आलं असतं. पण मला तळहात आठवले, बंब आठवला, आणि मी शब्दन्‌ शब्द मराठीत सांगितला.

रासाने लिहिलं होतं की आता आमच्याकडे गुप्त पोलिसांच्या जुन्या फायली बघायला मिळतात. आईच्या फायलीत तुमची दोन पत्रं आहेत. ती आईला कधी मिळालीच नाहीत. पहिलं संस्कृतात होतं, ते वाचायला त्यांनी आईच्या म्हाताऱ्या गुरुजींना बोलावलं. गुरुजींनी कागदावर लिहून दिलं, हे पाण्याचं स्तोत्र आहे, यात काही नाही. त्यांनी ते मान्य केलं. तीन महिने सगळं ठीक होतं. मग तुमचं इंग्रजी पत्र आलं, ते वाचायला कोणाचीच गरज पडली नाही. आईला विद्यापीठातून काढलं. ती मासे डब्यात भरायच्या कारखान्यात लागली. खोटं भाषांतर दिलं म्हणून गुरुजींनाही काढलं, त्या हिवाळ्यात ते गेले. वडिलांचं खरं विद्यापीठात फक्त गुरुजींना ठाऊक होतं, म्हणून आईला शेवटपर्यंत वाटत होतं की गुरुजींनीच चुगली केली. त्यांच्या मयताला ती गेली नाही. आई अठ्ठ्याऐंशी साली वारली. तुम्ही तिच्या वडिलांसाठी काय केलंत, हे तिला कळलंच नाही. मला कळलं, म्हणून आभार मानते.

आभार! मी कागदाची घडी घातली. काकांनी भिंतीकडे तोंड वळवलं.

"फोडलं?" त्यांनी विचारलं. "आपल्याकडे नाही ना? झाशीत नाही ना फोडलं?"

"नाही काका. तिकडे."

"माझं पहिलं पत्र गुरुजींनी वाचवलं होतं," ते सावकाश म्हणाले. "इंग्रजी तुझं होतं, शारदे."

एवढंच बोलले. पट्टी याच्यापेक्षा बरी होती. त्यांनी सांगितलं म्हणून मी लिहिलं, असं ओरडून म्हणावंसं वाटलं. पण शंका तर मलाच आली होती, आणि शंका येऊनही ती शाई माझीच होती.

त्याच महिन्याच्या शेवटी सर्वपित्री आली. मी हात धरून त्यांना लक्ष्मीतालाबाच्या पायऱ्यांवरून खाली नेलं. आजोबा-पणजोबांची नावं त्यांनी नेहमीसारखी खणखणीत घेतली. मग ओंजळ भरली आणि थांबले. ज्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं त्यांनी आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, मग मान वळवून मागे.

"कोणी आहे का गं जवळपास?"

"कोणी नाही, काका."

"नीट बघ."

मी नीट बघितलं. पलीकडे एक धोबी कपडे आपटत होता, बाकी कोणी नव्हतं. मग काकांनी मान खाली घातली आणि ओठ हलवले. तीन वेळा पाणी सोडलं. तीन नावं असणार, योनास, बिरुते आणि ते गुरुजी. मी त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभी होते, तरी मला एकही ऐकू आलं नाही.