कुंकू लावलेलं चाक

चौकात माझी चहाची टपरी आणि दशरथचं गॅरेज यांच्यात एकच भिंत. या माणसाला बसून चहा संपवताना मी पंधरा वर्षांत पाहिलेलं नाही. एक घोट घ्यायचा, उठायचं, बॉनेटमध्ये डोकं घालायचं. माझ्या चहाचा असा अपमान दुसऱ्या कुणी केला नसेल.

आठ वर्षांपूर्वी मात्र त्याची ही तगमग फारच वाढली. एका गाडीला त्याने नवी टायमिंग चेन घातली, तरी ती बोरघाट चढेना. ही चेन इंजिनातलं खालचं आणि वरचं दातेरी चाक एका तालात फिरवते. एक दात चुकला की गाडीचा दम जातो. खुणा दशरथने केल्या होत्या, चेन चढवली होती त्याच्या जोडीदाराने, पदूने. दशरथने चार माणसांत दोष पदूवर टाकला आणि त्याला हाकललं. तरी गॅरेजचं गेलेलं नाव गेलंच. इंजिनाचं काम कुणी देईना.

यंदा नवरात्रात पोशीरच्या धनेशने गाडी आणली. सुरू करताना खडखड, चढावर धाप. चेन सैल झालेली. दशरथने जुनी चेन उतरवण्याआधी दोन्ही चाकांवर पांढरे ठिपके दिले. कंपनीच्या खुणा शोधणं त्याला कमीपणाचं वाटे. आपली खूण ती आपली, म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. दशरथच्या बायकोने, संजनावहिनींनी, पाने, जॅक सगळं पुजलं, उघडं इंजिनही सोडलं नाही. वरच्या चाकावर कुंकू बघून दशरथ भडकला. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "पुजायचं ते आधी पुसावं लागतं. काळं तेल पुसलं, तर तिथं बारीक खळगी दिसली. तिथंच बोट टेकवलं."

दशरथने वाकून पाहिलं. ती खळगी म्हणजे कंपनीची खूण. त्याचा पांढरा ठिपका तिच्यापासून एक दात बाजूला होता. सैल चेन आधीच घसरली होती आणि त्याने घसरलेल्या जागेवरच इमानाने खूण केली होती.

पुजलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही. तो दिवस त्याने गॅरेज ते टपरी अशा येरझाऱ्या घालत काढला. मला बघूनच घेरी यायची वेळ आली.

दसऱ्याला पूजा उचलली आणि त्याने कुंकवाच्या खुणेवर नवी चेन बसवली. पाना लावून इंजिन हातानेच दोनदा फिरवलं. खुणा पुन्हा जागच्या जागी. मग चावी. खडखड नाही. धनेश घाट चढून आला आणि खुशीत घरी गेला.

दशरथने हात धुतले नाहीत. मला म्हणाला, चल. खालापूर फाट्यावर पदूचं पंक्चरचं दुकान आहे. आठ वर्षांत आम्ही कुणी तिथे थांबलो नव्हतो.

"पदू, त्या येळेला खूनच चुकली होती," दशरथ उभ्यानेच म्हणाला. "माजी. तू चेन बरोबर चढवलीस. मंग बोलला का नायस रं?"

पदू ट्यूब घासत होता. त्याने मान वर केली नाही.

"बोललो होतो, दादा. तुमी पाना फेकून मारलात."

दशरथने माझ्याकडे पाहिलं. त्याला ते आठवतच नव्हतं. मला आठवत होतं, आणि तेव्हा मीही गप्प बसलो होतो.